जेआरडींच्या सन्मानांची यादी कशी वाचायची?

गेल्या रविवारी अंबडच्या आमच्या अभ्यासिकेत पेटची तयारी करणारा एक मुलगा संशोधन आराखडा घेऊन आला. विषय : 'जे. आर. डी. टाटा आणि भारतीय विमानवाहतूक'. साडेतीन पानांपैकी दोन पानं नुसती सन्मानांची यादी. "ताई, आता यात संशोधन कुठे दाखवू?" असं त्यानेच विचारलं, हे बरं झालं.

हसू नका. एम.ए.च्या प्रबंधिकेत मीही एका उद्योजकाबद्दल अशीच यादी जोडली होती. सरांनी समासात लाल शाईने तीनच शब्द लिहिले : 'हे कोणी दिलं?' ते प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं. सन्मान मिळणाऱ्याबद्दल थोडं सांगतो, देणाऱ्याबद्दल बरंच सांगतो, हे तेव्हा कळलं.

जेआरडींचीच यादी घेऊ. सुरुवात बहुतेक जण 'पहिले भारतीय वैमानिक' अशी करतात. इथेच थांबा. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना मिळाला तो भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना. पण इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाकडून लढून १९१८ मध्येच मारले गेले होते. मग 'पहिला' कशातला? एवढा एक शब्द सांभाळला तरी परीक्षक तुमचा आराखडा जरा आदराने वाचतील.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला आले. अहमदाबादला विमानाचं इंधन बैलगाडीतून आणलं होतं. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून त्या महिन्यांत कामकाज पुण्याला येरवड्याला हलवावं लागे. पहिल्या वर्षी प्रवासी किती? १५५. नफा ६०,००० रुपये. कमाई मुख्यतः टपालाची. मला विचाराल तर कुठल्याही पदकापेक्षा हे आकडे जास्त बोलके आहेत, कारण ही कंपनी आधी टपाल खात्याची हमाल होती, प्रवाशांची नंतर झाली. आणि या वर्षाचा सन्मान यादीत एकही नाही!

आता १९५३. विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. जेआरडींचा त्याला विरोध होता, तरी नेहरूंच्या सरकारने एअर इंडिया इंटरनॅशनलचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं आणि त्यांनी ते घेतलं. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, पद्मविभूषण. ज्या सरकारने कंपनी घेतली त्याच सरकारने सन्मान दिला. यावरून 'सरकारने समजूत काढली' असं लिहायचा मोह होईल. लिहू नका, कागद सापडेपर्यंत तो फक्त प्रश्न आहे. पण प्रश्न म्हणून झकास आहे.

सगळ्यात मोठी घसरण १९७८ ला होते. १ जानेवारीला एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ मुंबईहून निघाल्यावर समुद्रात कोसळलं. विमानातले सगळे २१३ जण गेले. फेब्रुवारीत मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून काढलं. झालं, आपण दोन्ही घटना एका दोरीत ओवून मोकळे! अहो, तारखा शेजारी असल्या म्हणजे कारण सिद्ध होत नाही. त्याच वेळी सरकार बदललेलं होतं, उद्योगपतींकडे बघण्याची नजरही बदललेली होती. कारण सांगायचं असेल तर मंत्रालयाचा पत्रव्यवहार, संसदेतली प्रश्नोत्तरं आणि त्या महिन्यांतली वर्तमानपत्रं उघडावीच लागतील.

मग १९७९ चा टोनी जॅनस पुरस्कार बघा. १९१४ मध्ये फ्लोरिडात पहिली नियमित प्रवासी विमानसेवा चालवणाऱ्या वैमानिकाच्या नावाचा हा अमेरिकेतला पुरस्कार. दिल्लीने खुर्ची काढली आणि पुढच्याच वर्षी परदेशातल्या व्यवसायबंधूंनी पाठ थोपटली. त्याआधी १९५८-५९ ला ते जगभरच्या विमान कंपन्यांच्या संघटनेचे, म्हणजे आयाटाचे, अध्यक्ष होते. तेव्हा ही ओळख नवी नव्हती. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना एअर इंडियाच्या संचालक मंडळावर परत घेतलं, अध्यक्ष म्हणून मात्र नाही. 'सन्मानाने परतले' असं वाक्य वाचलं की हा फरक आठवा.

१९८८ चं डॅनियल गुगेनहाइम पदक विमानविद्येतलं, तर १९९२ चं भारतरत्न देशाचं, आर्थिक धोरण उघडल्याच्या दुसऱ्याच वर्षी. दोन्ही एकाच रांगेत लिहिले की दोघांचंही वजन हरवतं.

त्या मुलाला मी यादी फाडायला सांगितली नाही. यादीशेजारी दोन रकाने आखायला सांगितले : 'कोणी दिलं' आणि 'त्या वर्षी तो कुठल्या खुर्चीवर होता'. तासाभराने तो वही घेऊन आला. १९७८ ते १९८० पुढचा दुसरा रकाना त्याने कोरा सोडला होता आणि त्यावर पेन्सिलीने गोल काढला होता. आराखड्याचा नवा मथळा आता त्या गोलावरून ठरतोय.