नाद, कान आणि मेंदू



गाणें आपण कानानें ऐकतों असें म्हणतों, आणि व्यवहारापुरतें तें खरेंहि आहे. परंतु एकच तान दोघांच्या कानांवर पडते. एक जण समेवर मान डोलावतो आणि दुसरा जांभई देतो. तंबोऱ्याची तार दोघांकरितां सारखीच हालली, हवेंतील लहरी सारख्याच आल्या. मग भेद पडला कोठें? वाद्यांत नाहीं, हवेंत नाहीं. तो ऐकणाऱ्यांत आहे. ऐकणाऱ्याच्या आंत काय घडतें ह्याचा शोध निरनिराळ्या देशांच्या विश्वविद्यालयांतून दीडशें वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो आधीं वाद्यांत झाला, मग कानांत झाला, आणि अखेर मेंदूपर्यंत पोंचला. त्या प्रवासाची हकीकत आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. देवगिरीच्या यादवांच्या दरबारीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, तेव्हां स्वरांकडे वळण्यापूर्वीं त्यानें मनुष्यशरीराचें वर्णन केलें. हृदयस्थानीं बावीस नाड्या असून त्यांवर वायूचा आघात झाला म्हणजे एकीहून एक चढत्या अशा बावीस श्रुति उत्पन्न होतात, असें त्यानें मांडलें. आणि ह्या श्रुति कानाला पटाव्या म्हणून बावीस बावीस तारांच्या दोन वीणा जुळवून पाहण्याची रीतहि सांगितली. त्या नाड्या आजचें शरीरशास्त्र मानीत नाहीं. पण नादाचें मूळ शरीरांत शोधावें आणि आपलें म्हणणें कानाकडून तपासून घ्यावें, ही दृष्टि शास्त्रीयच होय.

युरोपांत ह्या अभ्यासाचा पाया भक्कम केला तो हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन पंडितानें. १८२१ सालीं जन्मलेला हा गृहस्थ प्रथम लष्करांत वैद्य होता; पुढें हायडेलबर्गच्या विश्वविद्यालयांत शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक असतां १८६३ सालीं त्यानें स्वरसंवेदनेवरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ छापला. त्याच्यापुढें प्रश्न असा होता : एकच षड्ज सनईंतून, सतारींतून आणि गळ्यांतून निघाला, तरी डोळे मिटूनहि आपण तिन्ही वेगळे ओळखतों, तें कशावरून? त्यानें कांचेचे आणि धातूचे पोकळ गोळे करविले. प्रत्येक गोळ्याला एका बाजूस तोंड आणि दुसऱ्या बाजूस कानांत बसेल अशी बारीक नळी. असा गोळा एका ठराविक स्वरालाच घुमतो, बाकीच्यांना दाद देत नाहीं. हे गोळे एकामागून एक कानास लावून त्यानें दाखवून दिलें कीं, वाद्याच्या एका स्वराच्या पोटांत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे अनेक सूक्ष्म स्वर दडलेले असतात, आणि त्यांचें कमीअधिक प्रमाण हेंच त्या वाद्याच्या आवाजाची ओळख ठरवितें. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जांतून गंधार ऐकूं येतो, हा आपल्या गवयांचा नित्याचा अनुभव. तो गंधार म्हणजे खर्जाच्या पोटांतला पांचपट कंपनांचा स्वर होय.

मग हे मिसळलेले स्वर कान निवडतो कसे? १८५१ सालीं कोर्ती नांवाच्या इटालियन शास्त्रज्ञानें कानाच्या अंतर्भागांतील शंखाकृति नळींत एक अत्यंत नाजूक इंद्रिय असल्याचें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून वर्णिलें होतें. हेल्महोल्ट्झनें तर्क केला कीं, तेथील पडद्याचे आडवे तंतु निरनिराळ्या स्वरांत लाविलेल्या तारांसारखे असावेत. आपल्याला हें समजावयास सारंगी पुरे. मुख्य तारेवर गज फिरला कीं खालच्या तरफांपैकीं त्या स्वराची तरफ आपोआप बोलूं लागते. आपल्या कानांत अशा हजारों तरफा आहेत, असें जणूं त्याचें म्हणणें होतें.

ह्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर ज्या भारतीय तरुणाच्या मनावर ठसलें, तो म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. कलकत्त्याच्या विश्वविद्यालयांत प्राध्यापक झाल्यावर त्यांनीं व्हायोलीन, वीणा, तंबोरा ह्यांचा अभ्यास केला; आणि १९२० सालीं शिवकाली कुमार ह्यांच्यासह मृदंग व तबला ह्यांसंबंधीं एक सुंदर शोध प्रसिद्ध केला. नुसतें कातडें ताणून वाजविलें तर त्यांतून निघणारे सूक्ष्म स्वर एकमेकांशीं जमत नाहींत. म्हणून साध्या ढोलाला स्वर नसून केवळ आवाज असतो. आपल्या पूर्वजांनीं पुडीच्या मध्यावर शाईचा जाड थर चढविला, त्यामुळें तेंच कातडें तारेप्रमाणें सुसंवादी स्वर देऊं लागलें. कोणत्या अनामिक कारागिरानें हें प्रथम साधलें, त्याची नोंद इतिहासांत नाहीं. त्याच्याजवळ गणित नव्हतें. होता तो केवळ कान. रामन ह्यांना १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें प्रकाशावरील संशोधनाबद्दल; पण नादाचा अभ्यास हें त्यांचें पहिलें प्रेम होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

हेल्महोल्ट्झचा तर्क प्रत्यक्ष डोळ्यांनीं तपासला तो बुडापेस्टच्या गेओर्ग फॉन बेकेशी ह्यानें. हा इंजिनियर हंगेरीच्या टपाल खात्याच्या टेलिफोन-प्रयोगशाळेंत काम करीत असे. टेलिफोन सुधारावयाचा तर आधीं कान समजला पाहिजे, म्हणून मृत माणसांच्या कानांतील तो शंख मिळवून, वाटाण्याएवढ्या त्या अवयवांत रुप्याचे सूक्ष्म कण टाकून त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पडद्याची हालचाल पाहिली. तेथें एकेक तरफ सुटी वाजत नव्हती. दोरीला झटका दिला असतां जशी लाट धांवते, तशी सबंध पडद्यावरून लाट धांवत होती; मात्र उंच स्वराची लाट दाराजवळच शिगेस पोंचे आणि खर्जाची अगदीं शेवटच्या वळणाजवळ. प्रत्येक स्वराला त्याची जागा होती, हा हेल्महोल्ट्झचा मुद्दा टिकला. रीत मात्र निराळी निघाली. पुढें अमेरिकेंत हार्वर्ड विश्वविद्यालयांत असतां १९६१ सालीं बेकेशीला वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्यामागून १९७८ सालीं लंडनच्या डेव्हिड केम्प ह्यांनीं दाखविलें कीं, जिवंत कान केवळ ध्वनि घेत नाहीं, तो स्वतः अत्यंत मंद ध्वनि बाहेरहि टाकतो. तो प्रतिध्वनि टिपून तान्ह्या मुलाला ऐकूं येतें कीं नाहीं हें आज त्याला न विचारतां तपासतां येतें.

येथवर कानाची गोष्ट झाली. परंतु कान म्हणजे ऐकणें नव्हे. ह्याची एक साक्ष आपल्याच इतिहासांत आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं अब्दुल करीम खांसाहेबांच्या साहाय्यानें श्रुतींचें मोजमाप केलें आणि १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलें. त्यावर पुष्कळ वाद माजला. पुढें १९६३ सालीं लंडन विश्वविद्यालयाच्या नियतकालिकांत जैराजभाई व स्टोन ह्यांनीं यंत्रानें केलेलें मोजमाप प्रसिद्ध झालें. एकाच रागाचा एकच स्वर निरनिराळे कलावंत, आणि कधीं तर एकच कलावंत, थोड्या निराळ्या ठिकाणीं लावतात असें त्यांत दिसून आलें. तरीहि ऐकणाऱ्याला तो गंधारच वाटतो. यंत्र कंपनें मोजतें. गंधार ओळखणारा कोणी दुसराच असतो.

तो दुसरा मेंदूंत राहतो, हें कळलें तें मात्र माणसांच्या दुर्दैवामुळें. स्वीडनमध्यें १७४५ सालींच डालिन नांवाच्या लेखकानें एका माणसाची हकीकत लिहून ठेवली होती. दुखण्यानें त्याची वाचा गेली होती. परंतु परिचित स्तोत्रें तो शब्दांसह गाऊं शके. १८६१ सालीं पॅरिसच्या ब्रोका ह्या शस्त्रवैद्यानें वाचेचें एक स्थान मेंदूच्या डाव्या भागांत दाखविलें. मग संगीताचें स्थान कोणतें? फ्रेंच संगीतकार मॉरीस रावेल ह्यांना अखेरच्या वर्षांत मेंदूच्या विकारानें ग्रासलें. प्राध्यापक अलाजुआनिन ह्यांनीं त्यांची परीक्षा केली. रावेल आपल्या रचना ऐकून ओळखीत, वाजविणाऱ्याची बारीक चूकहि पकडीत. पण मनांतलें संगीत कागदावर उतरविणें त्यांना साधेना. १९३७ सालीं मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर ते वारले. उलट मॉस्कोचे संगीतकार शेबालिन ह्यांची हकीकत पहा. १९५३ आणि १९५९ सालच्या झटक्यांनीं त्यांचें बोलणें व बोललेलें समजणें फार खालावलें. तरी त्यांनीं रचना सोडली नाहीं, आणि १९६२ सालीं आपली पांचवी सिंफनी पुरी केली. मॉस्को विश्वविद्यालयाचे लूरिया व त्यांचे सहकारी ह्यांनीं हा वृत्तान्त १९६५ सालीं प्रसिद्ध केला. भाषा आणि संगीत शेजारीं खऱ्या, पण एकाच घरांत नांदत नाहींत, हें ह्यावरून दिसलें. ह्या ज्ञानाचा उपयोगहि झाला. वाचा गेलेल्या रुग्णाला वाक्यें चालीवर म्हणावयास लावून हळूहळू बोलतें करण्याची एक पद्धति १९७३ सालीं बॉस्टन येथील वैद्यांनीं पुढें आणली. ती आजहि वापरतात.

कॅनडांतील माँट्रियल शहर ह्या अभ्यासाचें मोठें केंद्र ठरलें. तेथील ब्रेंडा मिल्नर ह्यांनीं १९६२ सालीं दाखविलें कीं, मेंदूच्या उजव्या कानशिलाकडील भाग काढावा लागलेल्या रुग्णांना स्वरपंक्ति लक्षांत ठेवणें आणि आवाजाची जात ओळखणें जड जातें. त्याच शहरांतील इझाबेल पेरेत्झ ह्यांनीं २००२ सालीं एका स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचा कान शाबूत, बुद्धि शाबूत, बोलणें उत्तम. परंतु जन्मापासून तिला दोन सुरांतील अंतरच उमगत नसे. अशा माणसाचें वर्णन ग्रँट अॅलन ह्या लेखकानें १८७८ सालीं केलें होतें. त्याला शास्त्राचा पुरावा सव्वाशें वर्षांनीं मिळाला. शाळेंत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्याला ह्या शोधाचें मोल विशेष वाटतें. प्रार्थनेच्या वेळीं एखादा मुलगा बेसूर गातो, त्याला मास्तर दटावतात, सोबती हंसतात, आणि तो आळशी किंवा उनाड ठरतो. बहुतेक मुलें शिकविल्यानें सुधारतात, हें खरें. पण क्वचित् एखाद्याच्या मेंदूंत तो दरवाजाच बंद असतो. आंधळ्याला चित्र दिसत नाहीं म्हणून कोणी छडी मारीत नाहीं.

दुसऱ्या बाजूस आशेचीहि गोष्ट आहे. १९९५ सालीं जर्मन शास्त्रज्ञांनीं तंतुवाद्यें वाजविणाऱ्यांचे मेंदू तपासले. तारेवर फिरणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांना त्यांच्या मेंदूंत इतरांपेक्षां अधिक जागा मिळालेली आढळली, आणि ज्यांनीं लहानपणीं आरंभ केला त्यांच्यांत ती सर्वांत अधिक होती. आपले जुने उस्ताद कोवळ्या वयांतल्या रियाजाचा आग्रह धरीत, त्याला येथें पुष्टि मिळते.

ह्या साऱ्या इतिहासांतून घरोघरच्या मंडळींनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक अशी कीं, कानाच्या शंखांत स्वर टिपणाऱ्या केसाळ पेशी सुमारें पंधरा हजारच असतात. मोठ्या आवाजानें किंवा वयानें त्या मेल्या तर माणसांत पुन्हां उगवत नाहींत. तेव्हां लग्नकार्यांत आणि उत्सवांत कर्णे लावतांना शेजारच्या पाळण्यांतील मुलाचा विचार व्हावा. दुसरी अशी कीं, ऐकणें हें केवळ इंद्रियाचें काम नाहीं, ती शिकण्याची गोष्ट आहे. कान जन्मतः मिळतो; श्रोता मात्र घडवावा लागतो. मुलाला गाणें आलें नाहीं तरी चालेल. त्याला गाणें ऐकावयास मिळालें पाहिजे, आणि तें न हंसतां, न दटावतां मिळालें पाहिजे.