अर्धा चमचा म्हणजे नक्की किती?

बारावीच्या फिजिक्समध्ये थॉमस यंग भेटतो. प्रकाश लाटेसारखा वागतो हे दाखवणारा. पण व्यवसायाने हा माणूस लंडनमधला डॉक्टर होता, आणि मुलांना औषध किती द्यावं याचं एक गणितही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. वर मुलाचं वय, खाली वय अधिक 12. चार वर्षांच्या मुलासाठी 4 भागिले 16, म्हणजे मोठ्यांच्या डोसचा पाव हिस्सा.

19व्या शतकात हे सोयीचं होतं. वय आईला तोंडपाठ असतं, वजनकाटा घरात नसतो. अडचण एवढीच, की चार वर्षांचं एक मूल 12 किलोचं असतं आणि दुसरं 18 किलोचं. म्हणून क्लार्कच्या नियमाने वय सोडून वजन धरलं: मुलाचं वजन भागिले 150 पौंड, म्हणजे सुमारे 68 किलो.

दोन्ही गणितांच्या मुळाशी एकच समजूत होती: मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस. ती किती महाग पडते, ते 1959 साली उघड झालं. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल दिलं जायचं. त्यातल्या काहींचं पोट फुगलं, अंग राखाडी पडलं, आणि ती दगावली. डोस वजनावरच काढलेला असायचा. पण त्या औषधाचा निचरा करायला लागणारी यकृताची यंत्रणाच इतक्या कोवळ्या बाळांत पुरती तयार झालेली नसते. औषध अंगात साठत गेलं. म्हणजे किलोमागे किती, हे प्रत्येक औषधासाठी आणि प्रत्येक वयासाठी वेगळं तपासावं लागतं.

आपल्या घरातल्या पॅरासिटॅमॉलचा आकडा असाच ठरला आहे: एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, 24 तासांत जास्तीत जास्त चार वेळा. दहा किलोच्या मुलाला एका वेळी फार तर 150 मिलिग्रॅम.

इथे गणित संपतं आणि बाटली सुरू होते. आपल्याकडे मेडिकलमध्ये ड्रॉप्स मिळतात, त्यात 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतात. एका सिरपमध्ये 5 मिलीत 125, दुसऱ्यात 5 मिलीत 250. तेच 150 मिलिग्रॅम पहिल्यात दीड मिली, दुसऱ्यात 6 मिली, तिसऱ्यात 3 मिली. ड्रॉप्सना साधं सिरप समजून 6 मिली पाजलं, तर पोटात 600 मिलिग्रॅम जातात. चौपट. आणि जास्तीच्या पॅरासिटॅमॉलचा घाव यकृतावर बसतो.

अमेरिकेत अशा गफलती झाल्या, म्हणून 2011 साली कंपन्यांनी तान्ह्यांचे तीव्र ड्रॉप्स बंद करून 5 मिलीत 160 मिलिग्रॅम हे एकच प्रमाण ठेवायचं ठरवलं. 2015 साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने चमचा हे माप सोडून फक्त मिलीत डोस लिहायला सांगितलं. घरातला चमचा कोणाचा केवढा, याचा काही नेम नसतो.

तेव्हा रात्री भाचीला ताप आला आणि फोनवरून कोणी "अर्धा चमचा दे" म्हणालं, तर आधी विचारा: वजन किती? बाटलीवर 5 मिलीत किती लिहिलंय? मागचा डोस कधी दिला? सर्दीचं सिरप चालू असेल तर त्याचंही लेबल वाचा, त्यातही बऱ्याचदा पॅरासिटॅमॉल असतं. मापायला बाटलीसोबतची टोपी किंवा सिरिंज घ्या.

आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर गणित मांडत बसू नका. सरळ डॉक्टरकडे न्या.