यंत्र सुधारले, विटाळ तसाच

यंत्र आले की जात जाते, असे आम्हाला सांगितले जाते. इतिहास काय सांगतो? जुन्या म्यूलवर पीळ देणे आणि सूत गुंडाळणे आळीपाळीने चाले. रिंगने दोन्ही कामे एकाच वेळी, अखंड सुरू केली. नागपूरच्या एम्प्रेस मिलने (१८७७) रिंग लवकर स्वीकारली. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना रिंग खाते मिळाले, जास्त मजुरीचे विणकाम खाते नाही. कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगार विटाळ मानत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. म्हणून हिंगोलीच्या कापूसपट्ट्यातले आम्ही प्रत्येक नव्या यंत्रापुढे विचारतो: यावर कोणाला उभे करणार, कोणाला नाही?

जय भीम!