भीमगीतांचा आवाज : प्रसार आणि जतन

आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा विचार करताना आपण छापील अक्षराला प्रमाण मानतो. परंतु ज्यांना अक्षरच नाकारले गेले, त्यांच्या इतिहासाला हे प्रमाण अपुरे पडते. आंबेडकरी विचार खेड्यापाड्यांतल्या वस्त्यांत पोचला तो पुस्तकांतून कमी आणि जलशांतून, गायन पार्ट्यांतून अधिक. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक, श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही या परंपरेतली काही ठळक नावे. त्यांच्या कवनांची चर्चा होते. पण त्यांचा आवाज ज्या वस्तूंवर उमटला, त्या तबकड्या, फिती आणि फायली यांच्याकडे समाजशास्त्रीय दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. मी बरीच वर्षे अशी ध्वनिमुद्रणे गोळा करीत आहे, आणि त्या अनुभवातून माझे एक मत बनले आहे : आपल्या हाती जी जी माध्यमे आली ती प्रसाराची होती. ती जतनाचीही आहेत असे आपण गृहीत धरले.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. रात्रभर चालणारा जलसा, त्यातले सवाल-जवाब, वग, श्रोत्यांची दाद यांपैकी तिच्यात काय बसणार? आणि जे बसेल त्याची निवड कंपनीची. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली, आणि १९८० नंतरच्या दशकात ती भारतात स्वस्त झाली, तेव्हा ही मक्तेदारी मोडली. टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्यांनी भीमगीते खपतात हे ओळखले, हा एक भाग झाला. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच आहे. साधा टेपरेकॉर्डर असलेला कोणीही कार्यकर्ता जयंतीच्या रात्री व्यासपीठाच्या कडेला बसून आख्खा कार्यक्रम मुद्रित करू शकत होता. कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी मोडली की तिच्यावर दुसरे मुद्रण होत नसे. पण त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की पुन्हा होई, आणि पुष्कळ मुद्रणे अशीच पुसली गेली, कारण कोरी कॅसेट विकत घ्यायला पैसे नसत. कॅसेटवरून कॅसेट काढताना दर प्रतीला खरखर वाढे. चौथ्या-पाचव्या प्रतीत शब्द बुडत. तरीही त्या फितीला एक गुण होता : ती हळूहळू म्हातारी होई. आज तिच्यावर बुरशी चढली असली तरी आवाज बहुधा काही ना काही उरलेला असतो.

अंकीय माध्यमांचा स्वभाव याच्या उलट आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेली सीडी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेते आणि ते आकड्यांत लिहिते. आकड्यांची नक्कल आकड्यांचीच. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत यांत उच्चनीच उरत नाही. ही क्रांतिकारक गोष्ट आहे, ती मी कमी लेखत नाही. मात्र सीडीवर ओरखडा गेला तर यंत्र चूक सावरून घेते, आणखी गेला तरी सावरते, आणि एका मर्यादेपुढे एकदम मुके होते. तोपर्यंत ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

शिवाय सीडी म्हणजे सगळ्या सीडी नव्हेत. कारखान्यात साच्यातून निघालेल्या सीडीत खड्डे कायमचे उमटवलेले असतात. गावच्या दुकानात संगणकावर ‘राइट’ केलेल्या सीडीत एक रंगद्रव्याचा थर असतो, आणि तो उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने बिघडतो. चकाकणारा थर तर नाव लिहिण्याच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. तिथे टोकदार बॉलपेनने गायकाचे नाव लिहिले की इजा नेमकी तिथेच. आपल्या कार्यक्रमांच्या सीडी बहुतांशी या दुसऱ्या जातीच्या. माझ्याकडच्या पत्र्याच्या पेटीतल्या १९८७ च्या कॅसेटी वाजतात, पण २००४ च्या कितीतरी सीडी उघडतच नाहीत.

एमपीथ्रीची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९३ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत मानवी कानाला जे ऐकू येणार नाही असे समजते ते टाकून देते. १२८ किलोबिटच्या फाईलमध्ये सीडीवरच्या माहितीचा सुमारे अकरावा हिस्सा उरतो. म्हणून ७०० एमबीच्या एका सीडीत दहा-पंधरा गाण्यांऐवजी दीडशे गाणी मावू लागली, आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवरच्या दुकानांत ती तशीच विकली गेली. ही पद्धत बसवताना ज्या गाण्यांवर कान लावले गेले, त्यांत सुझान वेगा या अमेरिकन गायिकेचे वाद्यांवाचून गायलेले एक गाणे होते, हे प्रसिद्ध आहे. स्वच्छ स्टुडिओतला एकटा आवाज! ढोलकी, झांज, तुणतुणे, मागचा कोरस आणि समोरचे हजार लोक एकदम उसळतात तेव्हा कमी बिटांत ते सगळे मावत नाही. झांजेची किणकिण पाण्यातून आल्यासारखी होते.

पण त्याहून गंभीर गोष्ट नावाची आहे. १९९६ मध्ये एमपीथ्री फाईलला माहितीची शेपटी जोडण्याची सोय निघाली. तिच्यात १२८ बाइट होते. गाण्याचे शीर्षक ३० अक्षरे, कलाकार ३०, अल्बम ३०, मग वर्ष, शेरा, प्रकार. कवीसाठी रकाना नव्हता, आणि देवनागरीसाठी जागाच नव्हती. पुढच्या आवृत्तीत दोन्ही सोयी झाल्या, पण मोबाइलच्या दुकानात पैसे घेऊन मेमरी कार्डात गाणी भरून देणाऱ्याला त्या भरण्याची गरज काय? ‘भीमगीत नॉनस्टॉप’ एवढ्या नावावर काम भागते. इथे आपल्या शाहिरांचे शहाणपण आठवते. वामनदादा आपले नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यातच गुंफत. कागद हरवला तरी गळ्यात नाव राहावे, अशी ही सोय. आज तीस सेकंदांचा तुकडा मोबाइलवर फिरतो तो मुखड्याचा असतो. शेवटचे कडवे कापले जाते, आणि त्याबरोबर कवीही.

चित्राच्या बाबतीत १९९३ ची व्हीसीडी आपल्याकडे घराघरांत गेली. ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे चित्र, एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटे. चित्र लहान करण्याची युक्ती अशी की पुढच्या चौकटीत मागचेच बरेचसे असणार असे धरायचे आणि फरक तेवढा साठवायचा. खुर्चीत बसून बोलणाऱ्या वक्त्याला हे सोयीचे आहे. दीक्षाभूमीवरचा लोटणारा समुदाय मात्र प्रत्येक चौकटीत नवा असतो, आणि त्याचे चौकोनी ठोकळे होतात. त्यात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी साठवली जाते, आणि उजेडाच्या हिशेबात निळ्याचा वाटा सर्वांत कमी, शेकडा अकराच्या आसपास. (यात कोणाचा जातीय कावा नाही, डोळ्याची रचनाच तशी आहे. पण निळ्या झेंड्यांची गर्दी अशा चित्रात कशी दिसते ते ज्याने पाहिले त्याला हा आकडा लक्षात राहील.) त्याच काळातल्या मिनीडीव्ही फितीवर तासाला सुमारे १३ जीबी माहिती असे. व्हीसीडीवर त्याच्या विसाव्या हिश्शाइतकी. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या छायाचित्रकारांनी आपले मोर्चे मिनीडीव्हीवर घेतले, व्हीसीडी वाटल्या आणि फिती पुढच्या लग्नासाठी पुन्हा वापरल्या. त्यांना दोष देता येत नाही. फितीचे पैसे कोणी दिले नव्हते.

बाबासाहेबांची १९५५ ची बीबीसीवरची मुलाखत आज आपण ऐकतो, कारण एका संस्थेजवळ ती फीत राहिली. आपल्या गायकांमागे अशी संस्था नव्हती. म्हणून आता जे करायचे ते आपल्याच ऐपतीत बसवले पाहिजे. जतनाची मूळ प्रत एमपीथ्रीत करू नये. डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक यांत करावी. फ्लॅक आवाज लहान करते, पण त्यातले काही टाकत नाही, आणि तिच्यावर कोणा कंपनीचा हक्क नाही. कॅसेट ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटांवर उतरवली तर तासाला दोन जीबी लागतात, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हे काहीच नाही. चित्रासाठी एफएफव्ही१ ही तशीच खुली पद्धत आहे, पण तिला जागा कितीतरी जास्त लागते. मोठी ग्रंथालये एलटीओ फितीवर विसंबतात. ती फीत टिकाऊ, पण तिचे यंत्र लाखांच्या घरात आणि नव्या पिढीचे यंत्र फार जुनी फीत वाचत नाही. आपल्याला परवडते ती हार्ड डिस्क, जी कधीही बंद पडू शकते. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर दोन प्रती आणि तिसरी दुसऱ्या गावी, दुसऱ्या कार्यकर्त्याच्या घरी. दरवर्षी चेकसम ताडून पाहावा, म्हणजे आकडा बदलला की फाईल बिघडली हे कळते. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड वाटण्यासाठी ठीक. कपाटात वर्षानुवर्षे ठेवले तर त्यातला विद्युतभार झिरपून जातो.

युनेस्कोच्या माहितीविषयक कार्यक्रमाने आणि ध्वनी-चित्र संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये बजावले होते की २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवणारी यंत्रे मिळणे कठीण होईल. ते वर्ष आले आणि गेले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सोनीने मिनीडीव्ही फिती आणि कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्या काढणेही थांबवले. डेकचा पट्टा बदलून देणारा कारागीर तालुक्याच्या गावी अजून एखादा सापडतो. कॅसेट लावल्यावर कोरसमधला तो उंच आवाज कोणाचा, कार्यक्रम कोणत्या वस्तीत झाला, मध्येच कोण घोषणा देते आहे, हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मी फीत उतरवताना यंत्राशेजारी त्यांच्यापैकी एकाला बसवतो आणि त्यांचे बोलणे वेगळ्या फाईलमध्ये, त्याच क्रमांकाने, मुद्रित करतो.