तेरा गाठींची दोरी

बऱ्याच वीकांतांनी इकडे फिरकतोय. हापिसात केटी चालू होतं. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे सहा वर्षं सांभाळलेली सिस्टीम दुसऱ्याच्या गळ्यात मारायची. ऐंशी पानी डॉक्युमेंट लिहून मी मोकळा झालो. तिसऱ्याच रात्री नव्या पोराचा फोन. "सर, सगळं वाचलंय, पण जॉब अडकलाय. आता नक्की काय बघू?" मी सांगायला गेलो तर शब्दच सापडेनात. ते माझ्या बोटांना ठाऊक होतं, मला नाही!

तेव्हा गेदेलों आठवलं. ऑनसाइट असताना एका शनिवारी पॅरिसहून तिथे गेलो होतो. बर्गंडीत त्रेन्यी गावाजवळच्या जंगलात हा किल्ला आहे. आहे म्हणजे, बांधताहेत. १९९७ सालापासून, तेराव्या शतकातल्या पद्धतीने. मिशेल ग्युयो नावाच्या गृहस्थाची ही कल्पना. जवळचाच सें-फार्जो किल्ला त्याने दुरुस्त केला होता, त्यातून हे खूळ डोक्यात शिरलं. जुना किल्ला कसा बांधला हे बघायला तो पाडता तर येत नाही, मग नवाच बांधून बघू! दगड तिथल्याच जुन्या खाणीतला, ओकचं लाकूड भोवतालच्या जंगलातलं. सुरक्षेचे नियम मात्र आजचे.

वजन उचलायला लाकडी चाक. आत माणूस चालतो, चाक फिरतं, दोरी गुंडाळली जाते आणि दगड वर जातो. फ्रेंचमध्ये याला खारीचा पिंजरा म्हणतात. (आमच्या क्युबिकललाही चालेल.) पण मी अडकलो ते तेरा गाठींच्या दोरीपाशी. तेरा गाठी म्हणजे बारा सारखे भाग. तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण ताणला की काटकोन तयार. आपले गवंडीही टेपने हेच करतात. पायथागोरस शाळेत मार्कांसाठी पाठ केला होता, इथे त्याच्यावर बुरूज उभा होता.

तिथे पाहुण्यांना दगड घडवायला देतात. मऊसा चुनखडीचा दगड, छिन्नी, हातोडा. वाटलं, यात काय एवढं? तिसऱ्या घावाला कोपरा उडाला. शिकवणाऱ्याला इंग्रजी येईना, मला फ्रेंच. त्याने काही न बोलता माझी छिन्नी जराशी आडवी केली आणि कोपर खाली दाबलं. पुढचा टवका हवा तिथूनच निघाला. ती छिन्नी किती अंशांनी आडवी केली ते मला आजही सांगता येणार नाही.

हे सगळं हौशी लोकांचं नाटक आहे, असं तेव्हा मलाही थोडं वाटलं होतं. मग १५ एप्रिल २०१९ ला नोत्र दामला आग लागली. छपराचा ओकचा सांगाडा, ज्याला 'जंगल' म्हणायचे, तो जळून गेला. आता गंमत बघा, डॉक्युमेंट होतं! रेमी फ्रोमों आणि सेद्रिक त्रांतसो या दोन वास्तुविशारदांनी २०१४ सालापर्यंत त्या सांगाड्याची बारकाईने मोजणी करून नकाशे काढले होते. तरी वाद झालाच. कोणी म्हणे स्टील वापरा, कोणी काँक्रीट. अशी सुतारकी आता येते कोणाला?

येत होती. गेदेलोंमध्ये वर्षानुवर्षं ओल्या ओकचे वासे कुऱ्हाडीने तासले जात होते. करवत सरळ जाते, वाटेतले तंतू कापत. कुऱ्हाडीवाला लाकडाच्या धाग्यामागे जातो, त्यामुळे वासा थोडा वाकडा निघाला तरी मजबूत राहतो. आता धागा कुठे वळतो हे कुठल्या नकाशात लिहिणार? २०२० मध्ये छप्पर होतं तसंच उभारायचं ठरलं. कुऱ्हाडी खास घडवून घेतल्या, आणि गेदेलोंमध्ये हात बसलेले काही सुतारही त्या कामावर होते. डिसेंबर २०२४ मध्ये नोत्र दाम पुन्हा उघडलं.

असो. त्या पोराला मी सोमवारी शेजारी बसवून घेतलंय. डॉक्युमेंट बंद, कीबोर्ड त्याच्या हातात. पहिल्याच दिवशी त्याने टेस्ट सर्व्हर पाडला. मी काही बोललो नाही, फक्त माऊस थोडा बाजूला सरकवला.