शब्द मोजणारे

शब्द मोजणे हे रसिकाचे नव्हे, कारकुनाचे काम, असे आम्हां मराठीच्या अध्यापकांत आजही म्हटले जाते. परंतु संगणकावर मजकूर चाळण्याच्या एका जगन्मान्य साधनाच्या मुळाशी लेखकनिश्चितीचाच प्रश्न होता, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत ली मॅकमॅहन 'फेडरलिस्ट' निबंधांचा अभ्यास करीत होते. १७८७-८८ मध्ये टोपणनावाने निघालेल्या या ८५ निबंधांपैकी काही हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा जुना वाद. 'एड' या संपादन-आज्ञावलीत तो मजकूर मावेना. तेव्हा केन थॉम्प्सन यांनी तिच्यातील शोधण्याचा भाग तेवढा वेगळा काढून दिला, तोच 'ग्रेप'. एका आज्ञेचे फलित थेट दुसरीच्या हाती देणारी 'पाइप'ही १९७३ साली त्यांनीच युनिक्समध्ये आणली. कल्पना मात्र डग्लस मॅकिलरॉय यांची, १९६४ मधील एका टिपणातली: बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडाव्यात तशा आज्ञा जोडता याव्यात.

मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द कोणते, हे सांगणारी एक दीर्घ आणि देखणी आज्ञावली डोनाल्ड क्नूथ यांनी १९८६ मध्ये जॉन बेंटली यांच्या सदरासाठी लिहिली. मॅकिलरॉय यांनी तिचे परीक्षण करताना तेच काम सहा जोडआज्ञांत करून दाखविले. पहिली प्रत्येक शब्द स्वतंत्र ओळीवर आणते, दुसरी मोठी अक्षरे लहान करते, तिसरी वर्णानुक्रम लावते, चौथी सारख्या ओळी एकवटून संख्या देते, पाचवी त्या उतरत्या क्रमाने मांडते, सहावी वरच्या हव्या तेवढ्या ओळी दाखवून थांबते. तिसरी प्रथमदर्शनी अनावश्यक वाटते. परंतु चौथीला केवळ शेजारची ओळ दिसते, म्हणून सारखे शब्द आधी शेजारी आणावे लागतात. चिठ्ठ्या लावून मग मोजणाऱ्या कोशकाराचीच ही रीत!

आता, पहिल्या आज्ञेच्या लेखी शब्द म्हणजे काय? रोमन 'ए' ते 'झेड'. बाकी सारे विभाजक. युनिकोडमधला मराठी ग्रंथ तिच्यापुढे ठेवला तर एकही मराठी शब्द हाती लागत नाही. जगातील लिप्यांना या साधनांत शिरकाव मिळाला तो यूटीएफ-८ मुळे, आणि १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासह ती पद्धत रचणारेही थॉम्प्सनच. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, 'कि' सहा.

आमची खरी अडचण याहून निराळी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या अनेक फाँटांत अक्षर दिसते देवनागरी, फाइलीत मात्र साठते रोमनसाठी ठरलेल्या संकेतांकांत. अशा फाइलीवर त्या सहा आज्ञा चालतात आणि आकडेही देतात. पण मोठी अक्षरे लहान होताना एखादे व्यंजन निमूटपणे दुसरेच होऊन बसते, आणि विरामचिन्हांच्या जागी दडलेली मात्रा शब्द मधोमध तोडते. त्या फाँटांत जुळविलेल्या ग्रंथांची शब्दसूची करायची, तर आधी फाइली युनिकोडमध्ये आणून, मूळ मुद्रिताशी ओळीस ओळ ताडून पाहाव्या लागतील. हे काम कोणत्याही मराठी विभागाला हाती घेता येण्याजोगे आहे.