पडद्याचा निळा प्रकाश आणि चष्म्यांच्या विक्रीतील दावे

संगणक, मोबाईल आणि दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांतून बाहेर पडणाऱ्या निळ्या प्रकाशामुळे माणसाच्या दृष्टिपटलाला इजा होते, असे सिद्ध करणारा पुरावा आजवर मिळालेला नाही. तरीही या प्रकाशापासून ‘संरक्षण’ देणाऱ्या काचांची विक्री देशभर जोरात सुरू असून, साध्या काचांपेक्षा जादा किंमत देऊन ग्राहक त्या घेत आहेत. छत्तीसगडची राजधानी रायपूरही त्याला अपवाद नाही.

रायपूरमधील तेलीबांधा तलावाचा काठ शहरवासीयांमध्ये ‘मरीन ड्राइव्ह’ या नावाने परिचित आहे. या काठावर दिवसा फेरफटका मारणाऱ्याच्या डोळ्यांत मोकळ्या आकाशातून जेवढा निळा प्रकाश शिरतो, त्याच्या तुलनेत त्याच्या हातातील मोबाईलचा निळा प्रकाश अगदीच किरकोळ असतो. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता एक लाख लक्सच्या आसपास असते. दिव्यांनी उजळलेल्या कार्यालयात ती ३०० ते ५०० लक्स भरते. निळ्या प्रकाशाचा सर्वांत मोठा स्रोत सूर्य आहे, ही गोष्ट जाहिरातींत एक तर येत नाही, किंवा आली तरी तिचा अर्थ ग्राहकापर्यंत पोचू दिला जात नाही. ब्रिटनच्या ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ या तत्कालीन संस्थेतील शास्त्रज्ञांनी संगणक, टॅब्लेट, मोबाईल आणि कमी विजेवर चालणाऱ्या दिव्यांच्या प्रकाशाचे मोजमाप करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दीर्घकाळ पाहत राहिले तरी हा प्रकाश आंतरराष्ट्रीय सुरक्षा मर्यादेच्या खालीच राहतो, असे त्यात आढळून आले.

भीती कोठून आली?

या भीतीला मुळात शास्त्रीय आधार होता, हे मान्य करावे लागेल. कमी तरंगलांबीच्या तीव्र प्रकाशाने माकडांच्या दृष्टिपटलावर व्रण उमटतात, असे अमेरिकी संशोधकांनी १९७६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते. पुढे निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीचा शोध लागला. या शोधासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचे पांढरे एलईडी दिवे बहुतांशी निळ्या एलईडीवर पिवळसर लेप देऊनच तयार होतात, त्यामुळे पडद्यांच्या प्रकाशात निळ्याचा वाटा ठळक असतो. २०१८ साली अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या एका प्रयोगानंतर मोबाईलमुळे अंधत्व येते, अशा आशयाच्या बातम्या जगभर झळकल्या. तो प्रयोग प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर झाला होता, जिवंत माणसाच्या डोळ्यांवर नव्हे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने त्यातून काढलेला निष्कर्ष फेटाळला. संगणकावर काम करणाऱ्यांना निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्याची शिफारस ही संघटना करीत नाही.

दुकानातील प्रात्यक्षिक

ग्राहकाचा विश्वास बसतो तो बहुधा दुकानातील प्रयोगामुळे. विक्रेता पेनाएवढी एक विजेरी काढतो आणि तिचा जांभळट निळा झोत एका कागदी पट्टीवर टाकतो. पट्टीचा रंग बदलतो. मग मध्ये ‘निळा प्रकाश रोखणारी’ काच धरली जाते आणि पट्टी कोरीच राहते. प्रयोग खरा असतो, परंतु त्यातून काढलेला अर्थ दिशाभूल करणारा असतो. अशा विजेरीच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारणपणे ४०५ नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या जांभळ्या टोकाला असते. पडद्यांमधील निळ्या प्रकाशाचा जोर मात्र ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. पहिला प्रकाश पूर्णपणे अडविणारी काच दुसऱ्यातील बराचसा भाग सहज आरपार जाऊ देते. या काचा एकंदर १० ते २५ टक्के निळा प्रकाशच गाळतात. याहून अधिक गाळायचा तर काच उघडपणे पिवळी किंवा तांबूस करावी लागेल, आणि तसा चष्मा दिवसभर कोण लावील? काचेवर दिसणारी निळसर झाकही केवळ पृष्ठभागावरील लेपाचे परावर्तन असते; ती संरक्षणाचे प्रमाणपत्र नव्हे.

या विषयावरील महत्त्वाचा आढावा कॉक्रेन संस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. मेलबर्न विद्यापीठाच्या प्राध्यापिका लॉरा डाउनी यांच्या नेतृत्वाखाली सहा देशांतील १७ चाचण्या तपासण्यात आल्या. साध्या काचांच्या तुलनेत या काचांमुळे संगणकावरील कामानंतरचा डोळ्यांचा शीण अल्पावधीत कमी होत नसावा, असे त्यातून दिसून आले. झोपेवरील परिणामांबाबत निष्कर्ष परस्परविरोधी होते, तर दृष्टिपटलाच्या आरोग्याचे मोजमाप एकाही चाचणीत झालेले नव्हते. चाचण्या लहान होत्या, सर्वांत दीर्घ चाचणीही पाच आठवड्यांचीच होती, हेही संशोधकांनी नमूद केले आहे. म्हणजे जाहिरातीतील सर्वांत मोठा दावा ज्यावर उभा आहे, त्या बाबीची माणसांवरील अशी चाचणीच हाती नव्हती.

मग पडद्यासमोर बसून डोळे चुरचुरतात ते कशाने? जपानी संशोधकांनी १९९३ साली केलेल्या मोजणीत निवांत बसलेली माणसे मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटतात, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकासमोर अवघी ७ वेळा, असे आढळले होते. डोळ्यांवरील ओलावा उडून जातो आणि ते कोरडे पडतात. जवळच्या वस्तूवर सतत नजर रोखल्याने येणारा ताण त्यात भर घालतो. चाळिशीकडे झुकलेल्या अनेकांच्या बाबतीत तर खरे कारण चाळिशी हेच असते, आणि त्याला वाचनाच्या योग्य क्रमांकाचा चष्मा लागतो. दर २० मिनिटांनी २० फूट अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, असा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात. त्याला पैसे पडत नाहीत. रात्रीचा तेजस्वी प्रकाश मेलॅटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावतो, हे मात्र खरे आहे. त्यावर झोपण्यापूर्वी पडदा बंद करणे किंवा त्याची उजळता कमी करणे हा साधा मार्ग आहे.

खरा धोका वेगळा आहे. ‘संरक्षक’ चष्मा घेतला म्हणून डोळ्यांची तपासणी लांबणीवर पडली, तर काचबिंदू किंवा मधुमेहामुळे दृष्टिपटलावर होणारे बदल वेळेत लक्षात येत नाहीत. या दोन्ही विकारांत सुरुवातीला रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमधील बूट्स ऑप्टिशियन्स या कंपनीची अशा काचांची जाहिरात दिशाभूल करणारी असल्याचा निर्णय तेथील जाहिरात मानक प्राधिकरणाने २०१५ मध्ये दिला. चष्मेव्यवसायाचे नियमन करणाऱ्या जनरल ऑप्टिकल कौन्सिलने २०१७ मध्ये या कंपनीला ४० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनासाठी ५० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. जाहिरातीत झळकणारी प्रसिद्ध व्यक्तीही त्यातून सुटत नाही. जून २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार, लहान मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीत आरोग्यविषयक लाभाचा दावा करायचा असल्यास त्याला मान्यताप्राप्त संस्थेचा शास्त्रीय आधार असावा लागतो. मुलांच्या डोळ्यांच्या काळजीपोटीच असे चष्मे घेतले जात असल्याने ही तरतूद पालकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

विक्रेत्याने केलेला दावा बिलावर लिहून मागितल्यास तक्रारीच्या वेळी तो उपयोगी पडतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याने प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबतच्या तक्रारीसाठी तेथे शुल्क आकारले जात नाही.